चीन पाहिला, माणूस पाहिला का?

गेल्या पावसाळ्यात एका धर्मग्रामाच्या सभागृहात, रविवारच्या मिस्सानंतर, चीनच्या प्रवासाची चित्रे पडद्यावर दाखविण्यात आली. कँटनच्या व्यापारी जत्रेला जाऊन आलेल्या एका सद्गृहस्थांनी ती मोठ्या हौसेने काढली होती. ताशी साडेतीनशे किलोमीटर वेगाने धावणारी आगगाडी, समुद्रावर बांधलेले पूल, रात्री रोषणाईने झगमगणाऱ्या गगनचुंबी इमारती पाहून मंडळींनी टाळ्या वाजविल्या. त्यानंतर खाद्यबाजाराची चित्रे आली. काचपेटीतील जिवंत साप आणि काडीला टोचलेले विंचू पडद्यावर दिसताच सभागृहात हशा पिकला. शेवटी वक्त्यांनी समारोप केला, "तिथे देव नाही, धर्म नाही, पण शिस्त पाहा! आपल्याला हेच शिकायला हवे." सभागृहाने माना डोलावल्या आणि चहापान होऊन कार्यक्रम संपला.

आम्हीही त्या सभागृहात होतो आणि गप्प बसलो होतो. चीनमध्ये सतरा दिवस काढून आलेलो असूनही त्या दिवशी आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. चांगल्या माणसाच्या उत्साहावर पाणी कशाला ओतायचे, असे आम्ही स्वतःला समजावले. ती आमची चूक झाली. ती दुरुस्त करण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

सतरा दिवसांत देश कळत नाही, हे आम्ही जाणतो. त्यामुळे चीन हा देश असा आहे किंवा तसा आहे, असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमची तक्रार आपल्या माणसांविषयी आहे. चीनमध्ये राहणारे आपले भारतीय आणि तेथे फिरून येणारे आपले प्रवासी त्या देशाकडून दोनच गोष्टी घेऊन येतात, एक दिपून जाणे आणि दुसरी नाक मुरडणे. या दोन्हींमुळे तेथील माणूस आपल्या दृष्टीआड होतो. व्यापाऱ्याला हे चालत असेल, पण ख्रिस्ताचे नाव सांगणाऱ्याला ते चालता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शांघायपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर, झेजियांग प्रांतात यीवू नावाचे शहर आहे. एके काळी हा गरीब डोंगराळ भाग होता. येथील फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन गावोगाव हिंडत, घरोघरी गुळाच्या वड्या देत आणि बदल्यात कोंबडीची पिसे घेत. आपल्याकडे बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते, तसाच हा व्यवहार होता. १९८२ साली तेथे उघड्यावर बाजार भरविण्यास परवानगी मिळाली. आज त्या बाजाराच्या इमारतीत सुमारे ७५ हजार गाळे आहेत. बटणापासून छत्रीपर्यंत आणि खेळण्यांपासून कुलपांपर्यंत जगाला लागणारी किरकोळ वस्तू तेथे ठोक भावाने मिळते. म्हणूनच मुंबई, सुरत, दिल्ली, चेन्नई येथील व्यापारी तेथे जाऊन राहिले आहेत. जवळच्या शाओशिंगच्या कापड बाजारात आणि दक्षिणेकडील ग्वांगचौ शहरातही आपल्या लोकांच्या अशा वसाहती आहेत.

या वसाहतींबद्दल आधी चांगले सांगू, कारण ते सांगण्याजोगे आहे. परक्या मुलखात कोणी आजारी पडले, कोणाचे पैसे बुडाले, कोणाचा मृतदेह मायदेशी पाठवायचा झाला, तर ही माणसे जातपात न पाहता धावून जातात. दिवाळी आणि नाताळ ती एकत्र साजरे करतात. टाळेबंदीच्या काळात अनेकांचे संसार तुटले. बायकामुले भारतात आणि कर्ता पुरुष तिकडे, अशी ताटातूट झाली. २०२० साली बंद झालेली दोन्ही देशांमधील थेट विमानसेवा २०२५ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी आपली हजारो मुले तर सुमारे अडीच वर्षे घरी अडकून पडली. एवढे सोसून ही माणसे टिकून राहिली. त्यांच्या कष्टाला आमचा नमस्कार आहे.

परंतु त्याच यीवूमध्ये आम्ही जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या ओळखीचे एक कॅथलिक गृहस्थ तेथे चौदा वर्षे व्यापार करीत आहेत. घरी पवित्र मरियेची प्रतिमा आहे, रोज संध्याकाळी रोझरी होते, गावच्या सणाला देणगी न चुकता येते. त्यांच्या व्यापारात नाताळच्या सजावटीचा माल मोठा आहे. जगभरातील नाताळच्या सजावटीचा फार मोठा हिस्सा याच शहरातून जातो. आपण २४ डिसेंबरच्या रात्री ओटीवर जो तारा लावतो, तो बहुधा यीवूच्या खोक्यातून आलेला असतो.

त्यांच्या कार्यालयात एक चिनी बाई गेली नऊ वर्षे काम करते. मालाची पाहणी, गाळेधारकांशी घासाघीस, कंटेनर भरून घेणे असे सगळे तीच करते. ती नसेल तर या गृहस्थांचा व्यापार एक दिवस चालणार नाही, असे ते स्वतःच सांगतात. तिला त्यांनी एका फुलाचे इंग्रजी नाव दिले आहे. आम्ही सहज विचारले, "हिचे खरे नाव काय?" ते हसून म्हणाले, "अहो, ती चिनी नावे कुठे लक्षात राहतात? काम मात्र चोख करते हो!"

नऊ वर्षे एका टेबलावर जेवणाचे डबे उघडले गेले आणि नाव माहीत नाही! चौदा वर्षांत आकडे, भाव आणि 'महाग आहे' यापलीकडे चिनी भाषा आली नाही. हे एकट्या त्यांचेच वैगुण्य नाही. त्या वसाहतीत आम्हांला जे जे भेटले, त्यांतील बहुतेकांचे असेच होते. सकाळी भारतीय उपाहारगृहात पोहे, दुपारी भारतीय स्वयंपाक्याचा डबा, रात्री भारतीय वाहिन्या असा त्यांचा दिवस जातो. मुले घरी ठेवलेली किंवा भारतात पाठविलेली. "चिन्यांवर विश्वास ठेवायचा नसतो" हे वाक्य तर आम्हांला पहिल्याच संध्याकाळी तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंनीच आम्हांला बाजार दाखविला. आम्ही नाव विचारताच त्या थबकल्या आणि मालाच्या पावतीच्या मागे तीन अक्षरे लिहून त्यांचा उच्चार आमच्याकडून तीनदा करवून घेतला. त्या मूळच्या ग्वेइचौ या डोंगराळ प्रांतातील. त्यांचा मुलगा गावी आजीजवळ वाढतो आणि वसंतोत्सवाच्या सुट्टीत, वर्षातून एकदा, त्यांना भेटतो. सजावटीच्या गाळ्यांसमोर आल्यावर त्यांनी एका ताऱ्याकडे बोट दाखवून विचारले, "हा सगळ्यात जास्त विकला जातो. याचा अर्थ काय?" ज्या घरात रोज रोझरी होते, त्या घराच्या व्यापारात नऊ वर्षे हा तारा खोक्यात भरणाऱ्या स्त्रीला त्याचा अर्थ कोणीही सांगितला नव्हता.

येथे आपले व्यापारी बंधू म्हणतील, "तुम्हांला तिथले कायदे ठाऊक नाहीत. परदेशी माणसाने धर्मप्रचार केला तर त्याला हद्दपार करतात." हे खरे आहे. परकीयांच्या धार्मिक कार्यावर तेथे कडक निर्बंध आहेत आणि १ मे २०२५ पासून त्यासंबंधीचे नियम आणखी तपशीलवार झाले आहेत. आम्ही धर्मप्रचार करा म्हणत नाही. सहकाऱ्याचे नाव विचारण्यास कोणत्या कायद्याची आडकाठी आहे? त्याच्या मुलाची चौकशी केल्यास कोणता पोलीस येतो? कोणी विचारले तर "हा आमच्या प्रभूच्या जन्माचा तारा आहे" एवढे उत्तर देणे हे साधे सौजन्य आहे. आमचा आक्षेप त्याच्या अभावावर आहे.

दुसरे उत्तर असे येते की चिनी लोकच परक्याला जवळ करीत नाहीत. यातही थोडे तथ्य आहे. पण ते जवळ का करीत नाहीत, याचा विचार करताना आपण थोडा इतिहास आठवावा. चिनी माणसाने भारतीय माणूस प्रथम कोणत्या रूपात पाहिला? बौद्ध भिक्षूंची गोष्ट फार जुनी. अलीकडच्या दोन शतकांत तो प्रथम दिसला अफूबरोबर. माळव्यात पिकलेली अफू मुंबई आणि दमण या बंदरांतून गलबते भरभरून चीनला जात असे. त्या व्यापारात इंग्रज होते, पारशी होते, गुजराती आणि मारवाडी होते. आणि मूळचे गोव्याचे, मुंबईत स्थायिक झालेले कॅथलिक व्यापारी रोजेरिओ द फारियाही होते. मुंबईचे जे. जे. रुग्णालय ज्या दानशूर घराण्याच्या देणगीतून उभे राहिले, त्या घराण्याच्या संपत्तीतही अफूचा वाटा होता. आपण त्या दानाबद्दल कृतज्ञ आहोत. पण ज्या घरांतील बाप अफूच्या धुरात संपले, त्या घरांनी आपल्याला कोणत्या नावाने ओळखावे?

त्यानंतर भारतीय दिसला तो इंग्रजांचा शिपाई म्हणून. ३० मे १९२५ रोजी शांघायच्या नानकिंग रस्त्यावर निदर्शकांवर गोळीबार झाला आणि अनेक जण ठार झाले. हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा होता. बंदुका शीख आणि चिनी शिपायांच्या हाती होत्या. पोटासाठी परदेशी गेलेल्या त्या शिपायांना आम्ही दोष देत नाही. परंतु पोटासाठी गेलेला माणूस तेथल्या लोकांशी केवळ धन्याच्या हुकमाचे किंवा नफ्याचे नाते ठेवतो, तेव्हा काय घडते हे त्यावरून दिसते.

आणि तिसरा भारतीय? तो सोलापूरचा, आपला मराठी माणूस. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर ते अहोरात्र शस्त्रक्रिया करीत राहिले. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली. चिनी परिचारिकेशी विवाह केला, आणि मुलाच्या नावात भारत व चीन या दोन्ही देशांची अक्षरे गुंफली. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तेथेच मरण पावले. शिज्याच्वांग शहरात त्यांचे स्मारक आहे. आम्ही मराठी आहोत असे सांगताच एका वृद्ध चिनी शिक्षकाने त्यांचे चिनी नाव घेऊन आमचा हात दोन्ही हातांत धरला. दोन राष्ट्रांमध्ये युद्ध झाले, २०२० साली गलवान खोऱ्यात रक्त सांडले, तरी ते नाव पुसले गेलेले नाही. कोटणीसांना तेथे फक्त चार वर्षे मिळाली होती. आपल्या कित्येक व्यापाऱ्यांना त्याच्या तिप्पट काळ मिळाला आहे.

आता त्या शिस्तीकडे वळू, जिच्यासाठी सभागृहाने माना डोलावल्या. पूल, रस्ते आणि आगगाड्या खऱ्या आहेत. आम्हीही त्या गाडीत बसलो आणि थक्क झालो. कोट्यवधी लोक दारिद्र्यातून वर आले, हेही खरे आहे आणि ती मोठी गोष्ट आहे. पण हे बांधले कोणी? खेडी सोडून शहरांत आलेल्या मजुरांनी. अशा स्थलांतरित कामगारांची संख्या तेथे तीस कोटींच्या घरात आहे. १९५८ पासून त्या देशात कुटुंबनोंदणीची एक पद्धत आहे. ज्याची नोंद खेड्यात, त्याला शहरात घाम गाळता येतो. पण शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन यांबाबत तो वर्षानुवर्षे उपराच राहतो. अलीकडे अनेक शहरांनी हे नियम सैल केले आहेत, तरी मोठ्या शहरांची दारे अजून पुरती उघडलेली नाहीत. म्हणून मुले गावी आजीआजोबांजवळ राहतात आणि आईबाप शहरात. आमच्या वाटाड्या बाईंचा मुलगा अशा कोट्यवधी मुलांपैकी एक.

वाचकहो, ही कथा आपल्याला अनोळखी आहे काय? आखातात गेलेला बाप, बोटीवर गेलेला मुलगा, कॅनडाला स्थायिक झालेली मुलगी आपल्या कोणत्या आळीत नाही? कुलूप लागलेल्या माड्या आणि ओटीवर एकटे बसलेले म्हातारे आपण रोज पाहतो. चीनमध्ये १ जुलै २०१३ पासून अमलात आलेल्या ज्येष्ठांविषयीच्या कायद्यात, वेगळे राहणाऱ्या मुलांनी आईबापांना वारंवार भेटावे किंवा त्यांची विचारपूस करावी, असे कलम घालावे लागले. ज्या संस्कृतीचा पाया मातृपितृभक्ती, तेथे ही पाळी आली. एका अपत्याच्या सक्तीने घरे आधीच लहान झाली होती. ती सक्ती २०१५ च्या अखेरीस उठली, तरी २०२२ पासून तेथील लोकसंख्या घटतच आहे. आपल्या सभागृहातील पडद्यावर हे दिसले नाही. दिसले असते तर तेथील आजी आपल्या आजीसारखी वाटली असती आणि सापाच्या चित्रावर आपण इतके हसलो नसतो. शिस्त शिकायची असेल तर जरूर शिकावी, पण तिची किंमत कोण भरतो हे विचारल्याशिवाय टाळ्या वाजवणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

राहिला प्रश्न 'तिथे धर्म नाही' या वाक्याचा. हे वाक्य एखाद्या कॅथलिक सभागृहात उच्चारले जावे आणि त्याला कोणी हरकत घेऊ नये, याचे आम्हांला सर्वाधिक दुःख आहे. संत फ्रान्सिस झेविअर ३ डिसेंबर १५५२ रोजी कोठे मरण पावले? चीनच्या किनाऱ्यासमोरील शांगच्वान बेटावर, पलीकडे जाण्यासाठी नावेची वाट पाहत. त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेण्यासाठी २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत आपण बसगाड्या भरून जुन्या गोव्याला गेलो. ज्या देशाची ओढ उराशी धरून ते गेले, त्या देशाला आपण 'देव नसलेला' म्हणून मोकळे होतो.

फादर मत्तेओ रिची १५७८ साली गोव्यात आले आणि सुमारे साडेतीन वर्षे भारतात राहिले. भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान हे उच्च विषय शिकू देऊ नयेत, असा विचार तेव्हा काही वरिष्ठांच्या मनात होता. त्याविरुद्ध या तरुण धर्मगुरूने १५८१ साली गोव्याहून रोमला पत्र लिहिले. आपल्या पूर्वजांची बाजू घेणारा हाच माणूस पुढे मकावला गेला. तेथे तो चिनी भाषा शिकला, चिनी विद्वानांचा वेश त्याने स्वीकारला आणि १५९५ साली चिनी भाषेत एक पुस्तक रचले. त्याचा विषय होता मैत्री. त्याच मैत्रीतून श्यू ग्वांगछी यांच्यासारखा थोर राजपुरुष १६०३ साली ख्रिस्ती झाला. शांघायचे भव्य कॅथेड्रल ज्या भागात आहे, त्या भागाला आजही त्यांच्या घराण्याचे नाव आहे.

ख्रिस्तसभेकडूनही तेथे चुका झाल्या आहेत. पूर्वजांना मान देण्याच्या चिनी रिवाजांवर अठराव्या शतकात बंदी आली, ती १९३९ साली उठली. तोवर कितीतरी दारे बंद झाली होती. ग्वांगचौचे दगडी कॅथेड्रल फार सुंदर आहे. पण ते उभे आहे ते दुसऱ्या अफूयुद्धात उद्ध्वस्त झालेल्या चिनी सुभेदाराच्या वाड्याच्या जागेवर. रविवारी आम्ही तेथे इंग्रजी मिस्साला गेलो. आफ्रिकी, फिलिपिनो आणि आपले केरळी व गोवेकर बंधुभगिनी अशी गर्दी होती. मिस्सा संपताच सर्व भारतीय अंगणात एका घोळक्यात उभे राहिले. पलीकडे दुसऱ्या मिस्सासाठी आलेले चिनी भाविक आपसांत बोलत होते. एकाच वेदीचे प्रसाद घेणारे ते दोन घोळके वीस पावलांवर होते. ती वीस पावले कोणी चालले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही चाललो नाही.

आणि ते चिनी भाविक कोण होते? ज्यांच्या आईबापांनी धर्मगुरूंविना, पुस्तकांविना, बंद दाराआड पाठ केलेल्या प्रार्थनांवर श्रद्धा जगविली, त्यांची ती मुले असू शकतील. शांघायचे बिशप इग्नेशियस कुंग यांना ८ सप्टेंबर १९५५ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, अटक झाली. ते सुमारे तीस वर्षे तुरुंगात राहिले. ते तुरुंगात असतानाच, १९७९ साली, पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना गुप्तपणे कार्डिनल केले. ती घोषणा १९९१ साली झाली. १ ऑक्टोबर २००० रोजी चीनच्या १२० हुतात्म्यांना संतपद मिळाले. यीवू ज्या प्रांतात आहे, त्याच झेजियांग प्रांतात २०१४ ते २०१६ या काळात हजाराहून अधिक चर्चवरील क्रूस सरकारी हुकमाने उतरविण्यात आले. अनेक ठिकाणी अठरा वर्षांखालील मुलांना चर्चमध्ये येण्यास मनाई करण्यात आली. बिशपांच्या नेमणुकीविषयी व्हॅटिकन आणि बीजिंग यांच्यात २०१८ साली तात्पुरता करार झाला आणि २०२४ साली त्याची मुदत चार वर्षांनी वाढविण्यात आली. त्या कराराबद्दल प्रामाणिक माणसांत मतभेद आहेत. पण त्या मतभेदांत शिरण्याआधी एवढे तरी ध्यानात घ्यावे की ज्या प्रांतातून आपल्याकडे ताऱ्यांची खोकी येतात, तेथे क्रूस खाली उतरत होते, आणि आपल्या वसाहतीतील कोणी त्याबद्दल घरी चार ओळी लिहिल्याचे आम्हांला आठवत नाही. त्या समाजाला 'धर्म नाही' म्हणणे हा अज्ञानाचा कळस आहे. आपल्यापैकी कितीजणांची श्रद्धा तीस वर्षे धर्मगुरूविना टिकेल?

हे सर्व दूर देशाचे आहे, असे म्हणून कोणी सुटका करून घेऊ नये. परक्याकडे न पाहण्याची ही सवय आपण येथूनच तिकडे नेतो. १९६२ च्या युद्धानंतर आसाम आणि बंगालमधून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानातील देवळी येथील छावणीत कोंडण्यात आले. त्यांतील कित्येकांचा जन्म भारतातच झाला होता. काही तर १९६७ पर्यंत सुटले नाहीत. महासाथीच्या वर्षी ईशान्य भारतातील आपल्याच मुलामुलींना 'चिनी' म्हणून आपल्या शहरांत हिणविण्यात आले. त्यांच्यापैकी अनेक जण ख्रिस्ती होते.

आणखी जवळ येऊ. आपल्या घरी धुणीभांडी करण्यासाठी, मुले सांभाळण्यासाठी झारखंडकडील आदिवासी मुली येतात. त्यांतील कित्येक कॅथलिक आहेत. रविवारी त्या शेवटच्या बाकावर बसतात. त्यांचे पूर्ण नाव, गाव, धर्मग्राम आपल्याला ठाऊक आहे काय? आपली भात-भाजीची शेती ज्यांच्या हातांवर चालते आणि आपली घरे जे बांधतात, त्या परप्रांतीय मजुरांना आपण एकाच नावाने हाक मारतो. यीवूच्या गृहस्थांनी नऊ वर्षांत नाव विचारले नाही, कारण नाव न विचारता काम करून घेण्याचे शिक्षण त्यांना येथेच, आपल्यातच मिळाले होते. म्हणून हा लेख केवळ त्यांच्यावर नाही.

आपल्यासमोर उदाहरण नाही, असेही नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचा सण आपण दरवर्षी थाटामाटाने साजरा करतो. ते कोण होते? पूर्वेकडे गेलेला आपला मुलगा. जपानमध्ये त्यांनी व्यापार केला आणि त्यात चांगले यश मिळविले. ते तेथली भाषा इतकी उत्तम शिकले की पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर दुभाषी म्हणून तेच मिशनचा आधार ठरले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ते क्रूसावर मरण पावले, तेव्हा त्यांच्याबरोबर जपानी ख्रिस्ती होते. परदेशी गेलेला वसईकर कसा जगू शकतो, याचा हा धडा आपण मिरवणुकीत खांद्यावर घेतो आणि विमानतळावर विसरतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. परदेशी जाणाऱ्या तरुणांसाठी धर्मग्रामात निरोपाचा समारंभ होतो, तसे त्यांना त्या देशाच्या भाषेचे चार शब्द आणि तेथील ख्रिस्तसभेचा थोडा इतिहासही शिकवावा. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली २४ मे हा दिवस चीनच्या ख्रिस्तसभेसाठी प्रार्थनेचा म्हणून ठरवून दिला. शांघायजवळच्या शेशान टेकडीवरील मरिया मातेचा तो दिवस. किती धर्मग्रामांत त्या दिवशी एक तरी प्रार्थना होते? प्रवासाहून परतलेल्यांना सभागृहात जरूर बोलवावे. चित्रे पाहून झाल्यावर त्यांना एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा, "तिथे तुमची ओळख कोणाशी झाली? त्यांचे नाव काय?" उत्तर आले तर टाळ्या वाजवाव्या.

यीवूच्या त्या बाईंना आम्ही ताऱ्याचा अर्थ सांगितला. दूरच्या प्रवासाला निघालेल्या, गर्भवती पत्नीला घेऊन परगावी जागा शोधणाऱ्या एका सुताराची गोष्ट आम्ही थोडक्यात सांगितली. ती ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे तेही गाव सोडून आलेले होते." आम्ही होय म्हणालो. ती तीन अक्षरे लिहिलेली पावती आमच्या प्रार्थनापुस्तकात आहे. त्यांचे नाव येथे छापण्याची परवानगी आम्ही घेतली नव्हती, म्हणून ते देत नाही. पण ते आम्हांला पाठ आहे. येत्या नाताळात ओटीवर तारा लावताना घरच्यांसमोर ते मोठ्याने उच्चारायचे आम्ही ठरविले आहे.